पावणेतीन वर्षांत गाडी फक्त ६ हजार चालली, तरी इंजिनात एवढा गाळ कसा?

गोदाकाठ | १२ डिसेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाडी वडिलांची, म्हणजे नानांची. २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, एकूण ५८ हजार किलोमीटर. नाना आनंदवल्लीला राहतात, निवृत्त आहेत. सकाळी सोमेश्वर, येताना भाजी, संध्याकाळी गंगापूर रोडला मित्रांचा कट्टा. गाडी एका दमात तीन-चार किलोमीटरच्या वर क्वचित जाते. गाडी चकाचक, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच आहे.

गेल्या रविवारी ठाण्याला लग्न होतं. येताना मी चालवत होतो. कसारा घाट चढलो, काही त्रास नाही. घोटीच्या टोलनाक्यावर रांगेत उभे राहिलो आणि तेलाच्या कुपीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर दिला की दिवा बंद, सोडला की परत चालू. नाना म्हणाले, "वायर लूज असेल." तसंच नाशिकपर्यंत आलो.

सोमवारी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला फिकट पिवळी साय. मग टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं. काय सांगू, मिसळीचा काळा मसाला वाटून थापून ठेवावा तसं दिसत होतं. बोटाने खरवडलं की निघतंय, खाली धातू दिसतच नाही. मिस्त्री म्हणाले, हाफ इंजिन करावं लागेल (म्हणजे इंजिन उघडून झिजलेले भाग बदलणं), ४८ हजार धरून चाला.

नानांनी ऑइल शेवटचं मार्च २०२२ ला बदललं होतं. त्यानंतर गाडी फक्त ६२०० चाललीय. पुस्तकात दहा हजार लिहिलंय. मग हे झालं कसं? ४८ हजार घालवायचे का?

---

सातपूरकर | १२ डिसेंबर, रात्री १०:४१

पुस्तकात "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं भाऊ. नानांनी अर्धंच वाक्य वाचलं. :)

आणि दिवा लागल्यावर घोटीपासून नाशिकपर्यंत गाडी आणलीत? तो दिवा ऑइल कमी आहे हे सांगत नाही, ऑइलचा दाब गेलाय हे सांगतो. दिसला की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि टोइंगवाल्याला फोन लावायचा. देवाची कृपा समजा.

---

गोदाकाठ | १२ डिसेंबर, रात्री १०:४८

मान्य. चूक झाली. पण अ‍ॅक्सिलरेटरवर दिवा विझत होता म्हणून वाटलं की वायरिंगचंच काहीतरी असेल.

---

जुना_मायकोवाला | १२ डिसेंबर, रात्री ११:१५

गोदाकाठ, दिव्याचं तुम्ही जे वर्णन केलंत ते अगदी पुस्तकातलं आहे. ऑइल पंप इंजिनावरच फिरतो. इंजिन हळू फिरतं तेव्हा पंपही हळू, त्यात घाट चढून ऑइल तापून पातळ झालेलं. म्हणजे दाब सर्वांत कमी पडायची जागा नेमकी टोलनाक्याची रांग. रेस केलं की पंपाने जोर धरला, दिवा गेला. वायर लूज असती तर दिव्याला तुमची रेस कळली नसती.

आता दाब का पडला? दोन शक्यता. एक, बेअरिंग झिजली, फट वाढली, ऑइल तिथून निसटतंय. तसं असेल तर मिस्त्री म्हणतात ते खरं, इंजिन उघडा. दुसरी, खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते, स्ट्रेनर, ती गाळाने लिंपली गेलीय आणि पंपाला ऑइल ओढताच येत नाही. ५८ हजारांवर बेअरिंग जायला नको. माझा कल दुसरीकडे.

४८ हजार खर्च करायच्या आधी हे करा. चेंबर खोला, जाळी बघा, साफ करा, नवं ऑइल आणि फिल्टर टाका. मग दिव्याचा स्विच काढून त्या जागी काट्याचं प्रेशर गेज लावा आणि गाडी पूर्ण गरम करून दाब मोजा. दाब नीट आला तर इंजिनाला हात लावू नका. ही दोन दिवसांची मजुरी आहे, हाफ इंजिनची नाही.

आणि एक प्रश्न. ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही वॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ आणि वायू बाहेर पडायची वाट, बघितली का कोणी?

---

एक्सप्रेसवाला | १३ डिसेंबर, सकाळी ८:०२

कशाला एवढा घोळ? फ्लशिंग ऑइलचा डबा मिळतो, तीन-चारशे रुपये. जुन्या ऑइलमध्ये ओता, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा, काढून टाका. सगळी घाण बाहेर. माझ्या गाडीला दरवेळी करतो.

---

अंबड_फिटर | १३ डिसेंबर, सकाळी ९:३०

एक्सप्रेसवाला साहेब, तुमच्या गाडीत गाळच नाही म्हणून तुमचं फ्लश चालतं. यांच्या गाडीत वर हेडमध्ये थापलाय थापलाय गाळ. फ्लश टाकला की तो विरघळत नाही, त्याचे पोपडे सुटतात. पोपडे खाली येतात आणि थेट जाळीवर बसतात. जी जाळी अर्धी बंद आहे ती पूर्ण बंद. मग पंधरा मिनिटांत इंजिन सीझ. माझ्या डोळ्यांसमोर दोन इंजिनं अशी गेलीत. एकाने फ्लशचे पैसे वाचवायला डिझेल टाकून चालवली होती. त्याचं तर विचारूच नका.

मायकोवाले काका बरोबर सांगतायत. आधी चेंबर. फक्त एक लक्षात ठेवा, चेंबर परत बसवताना मिस्त्री सिलिकॉनचा जाड थर मारतात. बाहेर आलेलं दिसतं ते पुसतात, आत गेलेलं कोणाला दिसतं? त्याचे तुकडे सुटून परत त्याच जाळीत. पातळ रेघ मारायला सांगा आणि वाळायला वेळ द्या. लगेच ऑइल भरून गाडी हातात देणारा असेल तर तिथे उभे राहून भांडा.

---

मिसळप्रेमी | १३ डिसेंबर, सकाळी ९:४४

"काळा मसाला वाटून थापून ठेवावा" वाचलं आणि सकाळी सकाळी भूक मेली. धागाकर्त्याचा जाहीर निषेध.

---

रसायनवाली | १३ डिसेंबर, दुपारी १:१०

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, गाड्यांमधलं फार कळत नाही, पण "कमी चालली तरी गाळ कसा" याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे म्हणून लिहिते.

एक लीटर पेट्रोल जळलं की साधारण एक लीटरभर पाणी तयार होतं. ऐकून चमकायला होतं, पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन घेतो, वजन वाढतं, म्हणून. हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. थंडीत सकाळी गाड्यांच्या मागे जो पांढरा धूर आणि ठिबकणारं पाणी दिसतं ते हेच. पण थोडा भाग पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलकडे उतरतो. वाफेबरोबर न जळलेलं पेट्रोल, काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही उतरतात.

इंजिन चांगलं तापलं तर पाणी आणि पेट्रोल परत उडून जातं, ब्रीदरमधून बाहेर पडतं. पण तीन किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही. कुलंट लवकर गरम होतं, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. मग पाणी तिथेच राहतं, दुसऱ्या दिवशी अजून थोडं, तिसऱ्या दिवशी अजून. झाकणाखाली दिसलेली पिवळी साय म्हणजे ऑइल आणि पाणी घुसळून झालेलं लोणीच. (हेड गॅस्केट फुटून कुलंट ऑइलमध्ये गेलं तरी अशीच साय दिसते. कुलंटची पातळी उतरतेय का ते बघा.)

ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट घातलेले असतात. डिटर्जंट आम्ल मारतात, डिस्पर्संट काजळीच्या कणांना धरून एकमेकांपासून दूर, तरंगत ठेवतात. म्हणून चांगलं ऑइल काळं पडतं. काळं पडणं हा त्याचा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. पण ही रसायनं संपतात. संपली की कण एकत्र येतात, आम्ल आणि पाण्याच्या संगतीने घट्ट होतात आणि खाली बसतात. तोच तुमचा गाळ.

यात किलोमीटर कुठे आले? नानांच्या ऑइलने ६२०० किलोमीटर केले नाहीत, दोन हजार वेळा थंड इंजिन सुरू होणं सोसलंय.

---

सातपूरकर | १३ डिसेंबर, दुपारी १:२५

ताई, शेवटचं वाक्य फ्रेम करून गॅरेजमध्ये लावायला पाहिजे.

---

निफाडचा_द्राक्षवाला | १३ डिसेंबर, संध्याकाळी ७:५०

आमच्याकडे पारा पाच-सहावर आलाय, बागेत शेकोट्या पेटवतोय, त्यात हा धागा वाचतोय.

राव, तुम्ही शहरातले लोक किलोमीटर मोजता हेच चुकतं. आमच्या ट्रॅक्टरला किलोमीटर कोण विचारतो? तास बघतो. पुस्तकात २५० तासांनी ऑइल बदली लिहिलंय, मीटरवर २५० झाले की ऑइल बदली. शेतात रोटाव्हेटर मारा नाहीतर फवारणीला उभ्या उभ्या पंप चालवा, इंजिन फिरलं की तास चढले.

आता हाच हिशोब गाडीला लावा. हायवेवर ताशी ६० ची सरासरी धरली तर दहा हजार किलोमीटर म्हणजे १६६ तास. नाशकात द्वारका, मुंबई नाका, सीबीएस करत सरासरी १८ पडते. दहा हजार म्हणजे ५५५ तास! ट्रॅक्टरच्या दुपटीहून जास्त. इंजिन तेच, ऑइल तेच, मीटरवरचा आकडा तोच.

नव्या गाड्यांच्या मीटरवर सरासरी वेग दिसतो. किलोमीटरला त्याने भागा, तास मिळतात. मी पिकअपलाही २५० तास धरतो.

---

एक्सप्रेसवाला | १३ डिसेंबर, रात्री ९:१५

हे पटलं. मी आठवड्यातून दोनदा मुंबई करतो. माझं ऑइल दहा हजारांवरही बरं असतं याचं कारण मी फ्लश समजत होतो. फ्लशचे पैसे वाचले.

पण मग सिंथेटिक ऑइल टाकलं तर? ते तर पंधरा हजार चालतं म्हणे.

---

जुना_मायकोवाला | १३ डिसेंबर, रात्री १०:०५

द्राक्षवाले, हिशोब झकास. आम्ही डिझेलचे नोझल बनवण्यात आयुष्य घालवलं, पण तास-किलोमीटरची फोड इतकी सोपी करून कोणी सांगितली नव्हती.

सिंथेटिक जास्त उष्णता सोसतं, लवकर ऑक्सिडाइज होत नाही, थंडीत पटकन वर पोचतं. हे सगळं खरं. पण नानांच्या ऑइलचा शत्रू उष्णता नाहीच, थंडपणा आहे. त्यात पाणी आणि पेट्रोल मिसळत राहिलं तर महागडं ऑइलही बाटतं. सिंथेटिक टाका, पण वर्षाच्या आत बदला.

ग्रेडचंही सांगतो. पुस्तकात ५डब्ल्यू-३० असेल तर ५डब्ल्यू-३० च. "आपल्याकडे उन्हाळा कडक, जरा जाड टाकू" म्हणून २०डब्ल्यू-५० टाकणारे अजून भेटतात. हल्लीच्या इंजिनांतल्या वाटा बारीक, जाड ऑइल सुरुवातीला वर पोचायलाच उशीर. दुसरं बघायचं ते डब्यावरचं एपीआयचं, म्हणजे ऑइलच्या दर्जाचं अक्षर. पेट्रोलला एसपी, ते २०२० मध्ये आलं.

गाळाच्या बाबतीत मोठमोठ्या कंपन्यांनीही हात पोळून घेतलेत. १९९७ ते २००२ च्या टोयोटाच्या काही पेट्रोल इंजिनांत असाच गाळ व्हायचा, अमेरिकेत फार गाजलं. कंपनी म्हणायची, मालकांनी ऑइल बदललं नाही. मालक पावत्या दाखवायचे. शेवटी २००२ मध्ये कंपनीने गाडी घेतल्यापासून आठ वर्षं ही दुरुस्ती करून द्यायचं कबूल केलं. म्हणून परत विचारतो, नुसता ऑइलला दोष देऊन थांबू नका. ब्रीदर बघितला का?

---

डिझेलदादा | १४ डिसेंबर, सकाळी ७:३०

थोडं अवांतर. माझी बीएस-६ डिझेल आहे, २०२१ ची. इंदिरानगर ते पाथर्डी फाटा, रोजचं एवढंच. गेल्या महिन्यात ऑइलपट्टी ओढून बघितली तर ऑइल "मॅक्स"च्या वर! मी तर थेंबभर टाकलं नाही. ऑइल वाढतं कसं?

---

अंबड_फिटर | १४ डिसेंबर, सकाळी ९:५०

दादा, ते ऑइल नाही वाढलं, त्यात डिझेल आलंय. तुमच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ आहे, काजळी अडवणारा फिल्टर. तो भरला की गाडी स्वतःच त्याला तापवून काजळी जाळते. त्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल उशिरा सोडतात. तुम्ही मधेच पाथर्डी फाट्याला पोचून चावी काढता. काम अर्धवट. परत सुरू, परत अर्धवट. ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये.

मॅक्सच्या वर गेलेलं ऑइल पातळ असतं, घाटात बेअरिंग खातं. लगेच बदला. आणि आठवड्यातून एकदा सिन्नरपर्यंत तरी एका दमात जाऊन या, तिसऱ्या-चौथ्या गिअरला इंजिन फिरतं ठेवून. ऑइल डीपीएफवालं कमी राखेचंच लागतं, डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३, पुस्तकात असेल ते. साधं डिझेल ऑइल टाकलं तर त्याची राख त्या फिल्टरमध्ये कायमची बसते. ती जळत नाही.

---

डिझेलदादा | १४ डिसेंबर, सकाळी १०:०२

सिन्नरला जाऊन यायचं म्हणजे बायकोला सांगायला सबब मिळाली. धन्यवाद.

---

गोदाकाठ | १७ डिसेंबर, रात्री ९:००

अपडेट देतो. मिस्त्रींना चेंबर काढायला लावलं. "साहेब, वेळ फुकट घालवताय" म्हणाले, पण काढलं. मी शेजारी उभा होतो.

काका, तुमचा अंदाज शंभर टक्के. जाळीचा साधारण चौथा भागच उघडा होता, बाकी सगळा लिंपलेला. चेंबरच्या तळाला बोटभर गाळ. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढला, मग चेंबर आणि जाळी डिझेलमध्ये धुतली. हेडमधला गाळ हाताला लागेल तेवढाच, वरवरचा पुसून घेतला, ऑइलच्या भोकांत ढकलला जाऊ नये म्हणून फार खरवडलं नाही.

सिलिकॉनची पातळ रेघ. गाडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी ५डब्ल्यू-३०, साडेतीन लीटरचा डबा, तीन लीटरच्या आसपास गेलं. नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर. गेज लावून गंगापूर धरणापर्यंत गरम करून आणली. आयडलला काटा १६-१७ पीएसआयवर, २००० आरपीएमला ४० च्या वर. दिवा नाही.

सगळे मिळून ६४०० रुपये झाले. मिस्त्रींचा चेहरा पडला होता, पण गेज बघून तेही म्हणाले, इंजिन चांगलंय.

कुलंटची पातळी जिथल्या तिथे आहे ताई, म्हणजे गॅस्केट शाबूत. ब्रीदर पाइप मात्र आतून सायीने अर्धा बुजलेला निघाला. पीसीव्ही हलवला की टकटक वाजायला हवा म्हणे, तो मुका होता. नवा टाकला.

---

जुना_मायकोवाला | १७ डिसेंबर, रात्री ९:४०

छान. आता हे ऑइल दोन हजार किलोमीटरपर्यंत ठेवू नका, पाचशेवर बदला. नवं ऑइल उरलेला गाळ हळूहळू धुवून फिल्टरमध्ये आणेल. हेच खरं फ्लश. मग परत हजारला, मग दीड हजारला. ऑइल महागातलं नको, ग्रेड बरोबर असलेलं साधं चालेल.

पण माझं समाधान अजून झालेलं नाही. जवळ फिरणाऱ्या निवृत्त लोकांच्या गाड्या नाशकात हजारो आहेत, माझी त्यातलीच. पावणेतीन वर्षांत साय धरेल, ऑइल पातळ होईल, हे ठीक. बोटभर गाळ? आणि पीसीव्ही मुका होईपर्यंत साय? हे इंजिन कधीच गरम होत नसावं. गोदाकाठ, धरणावर जाताना तापमानाचा काटा कुठे होता?

---

गोदाकाठ | १८ डिसेंबर, सकाळी ८:१५

काटा... आता तुम्ही विचारलं म्हणून आठवतंय, अर्ध्यावर आलाच नाही. पाव खुणेच्या जरा वर. परत येताना उतारावर तर अजून खाली आला. मला वाटलं चांगलंच आहे, गाडी थंड राहतेय.

---

अंबड_फिटर | १८ डिसेंबर, सकाळी ८:४०

थर्मोस्टॅट काढलाय!!! इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवणारा वॉल्व्ह. पैज लावतो.

---

जुना_मायकोवाला | १८ डिसेंबर, सकाळी ९:०५

माझाही तोच संशय. नानांना विचारा, गाडी कधी तापली होती का.

---

गोदाकाठ | १८ डिसेंबर, रात्री ८:३०

मंडळी, नानांना विचारलं तर म्हणाले, "छे, काही नाही." मग म्हटलं, डायरी काढा. नाना पेट्रोलचा प्रत्येक थेंब डायरीत लिहितात, गाडी घेतल्यापासून.

२१ मे २०२२: "कल्याणहून येताना घाटात गाडी तापली. पंख्याचा फ्यूज. रस्त्यावरच्या मेकॅनिकने फ्यूज बदलला, व्हॉल काढून दिला. आता कधी तापणार नाही म्हणाला. रु. ३५०."

त्या खाली नानांनी स्वतःच्या हाताने अधोरेखित केलंय: "माणूस हुशार."

मागची-पुढची पानं चाळली. मे २०२२ पर्यंत लीटरला सरासरी १६-१७ किलोमीटर. जूनपासून १३, साडेबारा. नाना समजत होते, पंपवाला मारतोय. तीन पंप बदलले त्यांनी!

---

सातपूरकर | १८ डिसेंबर, रात्री ८:४२

"माणूस हुशार." हसून हसून मेलो.

---

जुना_मायकोवाला | १८ डिसेंबर, रात्री ९:३०

सापडलं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाचं दार. थंड असताना बंद, कुलंट रेडिएटरकडे जाऊच देत नाही, म्हणून इंजिन पटकन तापतं. ८२-८८ अंशांच्या आसपास दार उघडतं. दारच काढून टाकलं की पहिल्या मिनिटापासून कुलंट रेडिएटरमधून फिरतोय आणि इंजिन कायम कोमट. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो. सरासरी पडली ती म्हणून. ते जास्तीचं पेट्रोल आणि पाणी गेलं ऑइलमध्ये. रोजच्या तीन किलोमीटरमध्ये जे थोडंफार तापलं असतं, तेही नाही. ब्रीदरची साय, पीसीव्ही, गाळ, सगळं एका रेषेत येतं.

फ्यूज बदलला तिथेच रोग बरा झाला होता. वॉल्व्ह बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

---

रसायनवाली | १८ डिसेंबर, रात्री ९:५५

नानांची डायरी आमच्या विद्यार्थ्यांना दाखवायला हवी. नोंद अशी ठेवतात.

जाता जाता एक विचारते. काढलेलं जुनं ऑइल गेलं कुठे? ते घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ चे नियम आहेत, नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवं. गॅरेजच्या मागच्या नाल्यात ओतलं की नासर्डीत आणि तिथून गोदावरीत. तुमच्या नावातच गोदाकाठ आहे म्हणून विचारलं.

---

अंबड_फिटर | १८ डिसेंबर, रात्री १०:२०

ताई, आमच्याकडे ड्रम असतो, तो भरला की घेऊन जाणारे येतात, पैसेही देतात. नाल्यात ओतणारा स्वतःचंच नुकसान करतो. पण रिकाम्या डब्यांचंही बघा मंडळी. ऑइल ओतून झालं की डब्याला तिथेच स्क्रूड्रायव्हरने भोक पाडायचं. भंगारात गेलेला चांगला डबा बनावट ऑइल भरून परत बाजारात येतो.

---

गोदाकाठ | ९ मार्च, संध्याकाळी ६:१०

धागा वर काढतोय. थर्मोस्टॅट बसवला, गॅस्केट आणि कुलंट धरून १९०० रुपये. काटा आता सात-आठ मिनिटांत अर्ध्यावर येतो आणि तिथेच राहतो.

पहिलं ऑइल पाचशेवर काढलं, डांबरासारखं. फिल्टर कापून बघितला, घड्यांमध्ये काळे कण. दुसरं परवा हजारला काढलं, काळं पण वाहतं. झाकणाखालची साय गेली. दिवा त्यानंतर एकदाही नाही. सरासरी साडेपंधरा.

नाना आता दर रविवारी "ऑइल तापवायला" म्हणून वणीपर्यंत जातात, सोबत कट्ट्यावरचे तिघे. सीटवरचं प्लास्टिक काढलंय. आणि डायरीत तासांचा नवा रकाना आलाय, द्राक्षवाले, तुमच्यामुळे.

---

निफाडचा_द्राक्षवाला | ९ मार्च, रात्री ८:००

नानांना सांगा, वणीला जाताना एकदा वाट वाकडी करून निफाडला या. माल तयार आहे, पेटी काढून ठेवतो.

---

नवा_सभासद_सिडको | १० मार्च, सकाळी ७:२०

हा धागा वाचूनच सभासद झालो. माझ्या गाडीला तापमानाचा काटाच नाही, इंजिन थंड असल्याचा नुसता निळा दिवा आहे, तो विझायला फार वेळ लागतो, कधी कधी दहा-बारा किलोमीटर. थर्मोस्टॅट आहे की नाही ते न खोलता कसं कळेल? ऑइल बदलून सात महिने झालेत.

---

जुना_मायकोवाला | १० मार्च, सकाळी ९:००

सकाळी गाडी थंड असताना सुरू करा, बॉनेट उघडा. इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या बाजूला जाणारा जाड रबरी पाइप हाताने बघत राहा. पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग एकदम चटका बसेल इतका तापतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर दार उघडंच अडकलंय किंवा नाहीच. काही इंजिनांत वॉल्व्ह खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे खालचा पाइप बघायचा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडू नका.

बघून इथेच लिहा. आणि ऑइलपट्टी ओढून वास घ्या, पेट्रोलचा येतोय का ते सांगा.